झील धरणाऱ्या बायका

एमेरिताचा आवाज एका दिवसात गेला नाही. आधी वरची पट्टी गेली, मग तिच्या खालची. शेवटी तापातून उठल्यावर चुलीपाशी बसून तिनं एक ओळ म्हणून पाहिली, तर मधेच आवाज फाटला आणि पुढे नुसता वारा आला. तिनं भाताखालचा जाळ ओढून घेतला आणि कोणाला काही सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. बोका विएहा गावात घरं खांबांवर उभी, भिंती फळ्यांच्या, आणि फळ्यांमध्ये बोटबोट फटी. शेजारच्या तेओफिलाला सगळं ऐकू गेलं होतं.

त्या गावात गळा ही हौसेची गोष्ट नव्हती. दर चोवीस डिसेंबरला दुपारी बाळ येशूची मूर्ती वरच्या वस्तीहून नदीतून खाली येते. पुढच्या होडीच्या टोकाशी एक बाई उभी राहते. ती ओळ म्हणते आणि थांबते. मागच्या होड्यांतल्या बायका बांबूचे खुळखुळे हलवत झील धरतात, म्हणजे ओळीला एकसुरात उत्तर देतात. मग ती पुढची ओळ म्हणते. त्या बाईला गावात ‘पहिली’ म्हणतात. पहिली नसेल तर मूर्तीची होडी सुटत नाही. एमेरिताच्या लहानपणी एकदा पहिली ऐन वेळी आजारी पडली, तेव्हा मूर्ती दोन दिवस वरच्या धक्क्यावर कापडाखाली झाकून ठेवली होती. लोक तेवढे दोन दिवस एकमेकांशी हळू बोलत होते, हे तिला आठवत होतं.

एमेरिता ग्रुएसो बासष्ट वर्षांची. सातव्या वर्षापासून ओहोटीला खारफुटीत उतरायची, कोपरापर्यंत हात चिखलात घालून मुळांमधून काळे शिंपले काढायची. डासांसाठी कमरेला नारळाच्या काथ्याची धुमसती वात. वीस वर्षं तिनं झील धरली, मग बेचाळिसाव्या वर्षी पहिली झाली. नवरा समुद्रात गेला. एक मुलगा मोठ्या बंदरावर कामाला गेला तो तिथलाच झाला, दुसऱ्याचं नाव ती घेत नसे. उरली भाची नायिबे. धाकट्या भावाची, क्लिमाकोची पोरगी. तिची आई काली शहरात कोणाच्या तरी घरी स्वयंपाकाला होती आणि क्लिमाको दिवसभर बोटीवर, म्हणून पोरगी आत्याच्याच चुलीपाशी वाढली. पंधरा वर्षांची, हडकुळी, आणि आवाज असा की या काठावर म्हटलेलं त्या काठावरच्या कुत्र्यांना कळायचं.

यंदाच्या डिसेंबरात नायिबे पहिली होणार, हे कोणी ठरवलं नव्हतं. पण दुसरी कोणी नव्हतीच.

टीव्हीवरच्या गाण्याच्या स्पर्धेची बातमी क्लिमाकोनं आणली. तुमाको शहराच्या धक्क्यावर त्यानं रेडिओवर ऐकलं होतं. चौदा ते सतरा वर्षांची मुलं, देशभरातून निवड, दर रविवारी संध्याकाळी पाच वाजता राजधानीतून थेट. एमेरिताला आधी राग आला, मग तिनं विचार केला की फार तर चार आठवड्यांची गोष्ट. पोरगी विमानात बसेल. परत येईल तेव्हा भीड चेपलेली असेल.

निवडीच्या दिवशी क्लिमाकोच्या बोटीतून नायिबे तुमाकोला गेली, आणि नको म्हणता म्हणता एमेरितासकट सात बायकाही गेल्या. नायिबे तिथल्या एका शाळेच्या सभागृहात टेबलापुढे उभी राहिली. बायका दोरीच्या अलीकडे भिंतीला टेकून. तिनं पहिली ओळ म्हटली, “नाव कुणाची आली गं,” आणि थांबली. बायकांनी भिंतीपासून उत्तर दिलं, “तान्ह्याची, तान्ह्याची.” कोणी सांगितलं नव्हतं आणि कोणी अडवलंही नाही. टेबलामागच्या माणसानं पेन खाली ठेवलं. नायिबे निवडली गेली. परतीच्या बोटीत तेओफिला म्हणाली, “निवडलं आपल्या आठ जणींना, पाठवणार मात्र एकीला. असलं कसलं तिकीट हे.” सगळ्या हसल्या. एमेरिताही हसली. त्या बोलण्यावर थांबून विचार करावा असं कोणालाच वाटलं नाही.

नायिबे राजधानीला गेल्यावर गावाला त्या रविवारचं वेड लागलं. शाळेच्या ओसरीवर मोठा टीव्ही होता. गावाचं जनरेटर एरवी सहाला सुरू व्हायचं, ते आता रविवारी साडेचारलाच धडधडायचं. मासळीची पातेली झाकून बायका येऊन बसायच्या. पोरं लाकडाच्या काठ्या तोंडापुढे धरून पायऱ्यांवर गायची आणि एकमेकांना बाद करायची. पाच वर्षांचं एक पोर हरल्यावर रीतसर डोळे पुसायला शिकलं होतं.

एमेरिता नाक मुरडत बसायची, पण पहिल्या बाकावर. तिला ते आवडत होतं. कोणाला सांगितलं नसतं, पण शनिवारपासूनच तिचं चित्त थाऱ्यावर नसायचं. मैदानी मुलखातला एक जाडा मुलगा होता, गाताना स्वतःच्या बुटांकडे बघणारा. त्याच्यासाठी तिनं एकदा मेणबत्ती लावली. एवढी पोरं, एवढे गळे, आणि प्रत्येकाच्या घरच्यांनी कुठल्या तरी ओसरीवर असाच श्वास धरलेला, हे तिला कळत होतं. एक पोर गायलं की सगळं गाव उभं राहायचं. असं एरवी कशानं होतं? पुरानं व्हायचं.

पहिल्या फेरीत नायिबेला वाहिनीनं दिलेलं नेहमीचं प्रेमाचं गाणं होतं. तिनं ते साफ म्हटलं. तिच्या केसांना काहीतरी केलं होतं आणि पायांत पांढरे बूट होते. आई कालीहून आली होती, ती प्रेक्षकांत हात हलवताना दोनदा दिसली. पडद्याखाली गावाचं नाव आलं, तेव्हा क्लिमाकोनं टोपी काढली.

दुसऱ्या फेरीत प्रत्येकानं आपल्या मातीतलं गाणं म्हणायचं होतं. त्याआधी वाहिनीची माणसं गावात आली, तिघं जण, भाड्याची बोट घेऊन. त्यांतली एक तरुण मुलगी एमेरिताला ‘आजी’ म्हणत होती. तिला शिंपले काढतानाचं चित्र हवं होतं. एमेरितानं सांगितलं की भरती आहे, शिंपले ओहोटीला निघतात. मुलगी म्हणाली, आजी, आम्हाला तीनला बोट परत द्यायचीय, तुम्ही नुसते हात घाला ना. मग एमेरिता कमरेभर पाण्यात उभी राहिली आणि काहीच नसलेल्या जागेतून तिनं रिकामे हात चार वेळा वर काढले. काठावर तेओफिला पोट धरून हसत होती.

मग मुलीनं तिला पायरीवर बसवून विचारलं की नायिबे हरली तर काय होईल.

“घरी येईल,” एमेरिता म्हणाली.

मुलीनं कॅमेरावाल्याकडे पाहिलं. मग म्हणाली, आजी, जरा नदीकडे बघा, काही बोलू नका. एमेरितानं नदीकडे पाहिलं. समोरून रॉकेलची पिंपं नेणारी बोट चालली होती आणि त्या बोटीत तिचा एक ओळखीचा माणूस झोपला होता, हे तिनं पाहिलं. रविवारी टीव्हीवर तेच तिचं पाहणं दाखवलं, खाली दुःखी वाद्य लावून. ओसरीवर दोघी बायकांनी डोळे पुसले. एमेरितालाही क्षणभर स्वतःची कीव आली आणि मग लाज वाटली. ‘घरी येईल’ हे कुठेच आलं नाही.

त्यानंतर नायिबे मंचावर आली. अंधार, वरून एकच दिवा. मागे ढोल वाजवणारे दोघे होते, पण लांब.

“नाव कुणाची आली गं,” नायिबेनं म्हटलं आणि ती थांबली.

बोका विएहाच्या ओसरीवर चाळीस बायकांनी एका दमात उत्तर दिलं, “तान्ह्याची, तान्ह्याची.” पोरांनी, म्हाताऱ्यांनीही. खुळखुळे कोणी आणले नव्हते, म्हणून बाकं वाजवली. पडद्यावर नायिबे तशीच उभी होती. वल्ह्याचे दोन हात मारायला लागतात तेवढा वेळ. तिथे ढोल चालू होता आणि दुसरं काही नव्हतं.

ती पुढची ओळ म्हणाली. पुन्हा थांबली. गावानं पुन्हा उत्तर दिलं, आधीपेक्षा जोरात. पडद्यावर पुन्हा नुसता ढोल. कॅमेरा परीक्षकांकडे वळला. एका परीक्षकानं शेजारणीच्या कानात काही सांगितलं. नायिबेच्या गळ्याजवळची शीर उडताना दिसत होती.

एमेरिताला तेव्हा कळलं. तीन आठवडे तिनं पोरीकडून हे गाणं चुलीपाशी घोटून घेतलं होतं. प्रत्येक ओळीनंतर फळ्यांच्या फटीतून तेओफिलाचं उत्तर आलं होतं, खालून होडी धुणाऱ्या बायकांचं आलं होतं. कधी कोणी न ठरवता आलं होतं. हे गाणं एकटीनं कसं म्हणायचं, हे तिनं शिकवलंच नव्हतं, कारण ते कोणी एकटीनं म्हणत असेल असं तिच्या मनातही आलं नव्हतं. तिच्या आईच्याही आलं नसतं.

“ओरडा, अजून जोरात,” क्लिमाको मागून म्हणाला. तो वेड्यासारखा पडद्याकडे बघत होता. आणि माणसं खरंच ओरडली. तिसऱ्या ओळीनंतर, चौथ्या ओळीनंतर, गळ्याच्या शिरा ताणून, जणू पुरेसं जोरात म्हटलं तर डोंगरापलीकडे जाईल. एमेरिताही ओरडली. तिच्या तोंडून वाराच आला.

दीड मिनिटानं दिवे लागले. चंदेरी केसांचा परीक्षक फार प्रेमानं बोलला. म्हणाला, बाळ, भीतीनं शब्द विसरतात, मीसुद्धा तुझ्या वयात विसरलो होतो. पण मधेमधे एवढं थांबून चालत नाही, लोकांना वाटतं गाणं संपलं. आवाज देवाचा आहे, म्हणून तुला अजून एक संधी.

सगळं सभागृह टाळ्या वाजवत उभं राहिलं. त्यांचा हेतू वाईट नव्हता. नायिबेनं माइक वर केला, काही सांगायला तोंड उघडलं, आणि निवेदकानं तिच्या खांद्यावर हात ठेवून विचारलं, घाबरली होतीस ना? तिनं मान हलवली. हो.

मंगळवारी तिचा फोन आला. गावात पाण्याच्या टाकीपाशी एका ठिकाणी उभं राहिलं की फोन लागायचा. एमेरिता तिथे उभी राहून ऐकत होती.

“आत्या, मी विसरले नव्हते.”

“मला माहीत आहे, बाळा.”

“सरावाला बाकीची मुलं खुर्च्यांवर बसली होती ना, मी त्यांना झील शिकवली होती. तो जाडा गॅब्रिएल तर सगळ्यात छान धरायचा. पण खऱ्या दिवशी त्यांना मंचामागे आत बसवलं. मी विचारलं, तर म्हणाले स्पर्धकांनी एकमेकांना मदत करायची नाही, नियम आहे.”

एमेरितानं विचारलं की मग तू थांबलीस कशाला, सरळ पुढे जायचंस. विचारल्यावर तिलाच ते बोलणं उपरं वाटलं.

“मला वाटलं कोणीतरी धरेल,” नायिबे म्हणाली. “एवढी माणसं होती.”

एमेरिताला सांगायचं होतं की आम्ही धरली होती, चाळीस जणींनी, बाकं फुटेस्तोवर. तिनं सांगितलंही. मग नायिबे म्हणाली की इथल्या गाणं शिकवणाऱ्या बाई चांगल्या आहेत, त्या म्हणतात दोन्ही भाग मीच म्हणायचे, मधे जागा ठेवायची नाही.

“मग तसं म्हण,” एमेरिता म्हणाली. दुसरं काय सांगणार? पोरगी त्या दिव्याखाली उभी होती आणि ही टाकीपाशी.

पुढच्या रविवारी नायिबेनं दोन्ही भाग म्हटले. स्वतःच विचारायची, स्वतःच सांगायची, श्वास कुठे घेत होती ते कळत नव्हतं. हात वर केला, गिरकी घेतली. सुरेख झालं. एमेरिताचा जीव तिच्यात अडकलेला होता, तरी तिला कबूल करावं लागलं की सुरेख झालं. परीक्षक उभे राहिले. ओसरीवर मात्र बायका सवयीनं प्रत्येक ओळीनंतर तोंड उघडत होत्या आणि मिटत होत्या. दोन-तीन ओळींनंतर त्यांनी उघडणंही सोडून दिलं. जनरेटरचा आवाज ऐकू येऊ लागला.

“आपली रजा मंजूर झाली,” तेओफिला म्हणाली. या वेळी कोणी हसलं नाही.

नायिबे पाचव्या फेरीपर्यंत टिकली. मग प्रेक्षकांच्या मतांत कमी पडली. मत द्यायला फोन लागतो, आणि टाकीपाशी एका वेळी एकच माणूस उभा राहू शकत होता. ती बाद झाली तेव्हा कॅमेरा तिच्या डोळ्यांपाशी इतका जवळ आला की ओसरीवरच्या पोरांनी मान फिरवली. त्या क्षणी एमेरिताला मनातून सुटल्यासारखं झालं. आता येईल, असं तिला वाटलं, आणि पोरीच्या हरण्यावर आपण सुटतोय हे तिला आवडलं नाही.

नायिबे वीस डिसेंबरला आली. धक्क्यावर सगळं गाव होतं. पांढऱ्या बुटांनी चिखलात उतरू का नको करत उभी राहिली, तर क्लिमाकोनं तिला उचलून आणलं. तिनं आत्यासाठी शाल आणली होती, तेओफिलासाठी साबण. नारळाच्या दुधातला खेकडा तिनं आधीसारखाच बोटं चाटत खाल्ला. मग सांगितलं की सणानंतर सोमवारी ती आईकडे कालीला जाणार. तिथल्या गाण्याच्या शाळेनं जागा दिली आहे.

“आणि पुढच्या वर्षी?” एमेरितानं विचारलं.

“येईन की सणाला,” नायिबे म्हणाली. एवढं बोलून ती खेकड्याची नांगी फोडू लागली.

बावीस तारखेला एमेरितानं तिला चुलीपाशी बसवलं. म्हणाली, ओळ म्हण आणि थांब. नायिबेनं म्हटली आणि थांबली. फटीतून तेओफिलाचं उत्तर आलं. पण ते येण्याच्या आधीच्या त्या एवढ्याशा वेळात एमेरितानं पोरीचा चेहरा पाहिला. डोळे भराभर इकडेतिकडे फिरत होते, खांदे वर आले होते, बोटांनी परकराची कड मुरगाळली होती. चारदा म्हटलं, चारही वेळा तेच. पाचव्यांदा एमेरिताच म्हणाली, पुरे, येतंय तुला. भात उतरवायचा होता.

चोवीसला दुपारी मूर्तीची होडी वेळेवर सुटली. पुढच्या होडीच्या टोकाशी नायिबे, केसांत कागदी फुलं. दुसऱ्या होडीत एमेरिता, तेओफिला आणि बाकीच्या. दोन्ही काठांवर माणसं होती. शेजारच्या गावांतूनही आली होती, टीव्हीवरची पोरगी बघायला, फोन वर धरून.

तिनं पहिली ओळ म्हटली. एमेरितानं श्वास भरून घेतला. नायिबे थांबली, अर्धा क्षण, वल्हं पाण्याला लागेपर्यंत, आणि मग “तान्ह्याची, तान्ह्याची” स्वतःच म्हणून पुढे निघाली. बायकांची झील तिच्या दुसऱ्या ओळीवर जाऊन आदळली. पुन्हा तेच झालं. तिसऱ्या वेळी तेओफिलानं खुळखुळा मांडीवर ठेवला. एमेरिता हट्टानं म्हणत राहिली, पण तिचं म्हणणं होडीच्या काठापर्यंतही पोचत नव्हतं. पुढून तो आवाज येत होता, नदीच्या दोन्ही काठांना भरून उरणारा, कुठेही न थांबणारा. काठावरचे लोक टाळ्या वाजवत होते. बायका वल्ह्यांकडे बघत बसल्या होत्या.

मूर्ती देवळात गेल्यावर नायिबे आत्याजवळ आली. घामानं केसांतली फुलं कपाळाला चिकटली होती.

“मी थांबणार होते, आत्या,” ती हळूच म्हणाली. “ठरवलं होतं. पण थांबले की वाटतं, आता कोणी बोलणारच नाही.”

“आम्ही मागेच होतो की गं.”

“माहीत आहे मला.”

तिला रडू येत होतं. एमेरितानं शालीच्या टोकानं तिचं कपाळ पुसलं. आपण म्हणून दाखवावं, आत्ता, इथेच, आधी ओळ आणि मग जागा, आणि पोरीला त्या जागेत हाताला धरून उभं करावं, असं तिला वाटलं. तिनं तोंड उघडलंही. तेवढ्यात तीन-चार पोरी फोन घेऊन आल्या, ताई, एक फोटो, आणि नायिबेचा चेहरा त्यांच्याकडे वळता वळता कोरडा झाला, हसरा झाला.

तेओफिला ओल्या पायांनी मागून आली आणि विचारू लागली, काय म्हणाली पोरगी?

“दमली म्हणते,” एमेरिता म्हणाली आणि होडीतलं पाणी उपसायला खाली गेली.